भिंत नसलेलं पाणी

जपानची त्सुगारू सामुद्रधुनी या आठवड्यात ओलांडायची होती, पण ती पुढच्या लेखात. मध्येच छत्तीसगडमधल्या भिलाईच्या जुनवानीतून एका पालकांचं पत्र आलं आणि त्याला उत्तर देणं जास्त निकडीचं वाटलं. त्यांची मुलगी जलतरण तलावात स्पर्धा पोहते. जलतरणपटू रोहन मोरेबद्दल वाचून ती आता समुद्रात पोहायचं म्हणते. समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर. मग सराव करायचा कुठे?

रोहन पुण्याचा, आणि पुण्यालाही समुद्र नाही. १९९६ मध्ये लहान वयातच तो धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे अंतर पोहला. पुढे बराच खंड पडला. २०१४ मध्ये त्याने इंग्लिश खाडी पार केली आणि ९ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी ओलांडून जगातल्या ठरलेल्या सात अवघड खाड्यांचा संच पूर्ण केला. असं करणारा तो पहिला आशियाई.

शिवाय खुलं पाणी म्हणजे फक्त समुद्र असं कुठे आहे? मुर्शिदाबादची ८१ किलोमीटरची प्रसिद्ध शर्यत भागीरथीच्या पात्रात होते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १० किलोमीटरची शर्यत पहिल्यांदा आली, तीही नौकानयनासाठी बांधलेल्या जलाशयात. ती जिंकणारा नेदरलंड्सचा मार्टेन व्हान डर वायडन २००१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळला होता. स्पर्धा सोडल्यावर त्याने कर्करोग संशोधनासाठी निधी उभा करायला खुल्या पाण्यातलं पोहणं हाती घेतलं. नेदरलंड्समधल्याच अकरा शहरांना जोडणाऱ्या कालव्यांचा सुमारे २०० किलोमीटरचा मार्ग त्याने निवडला. २०१८ मध्ये १६३ किलोमीटरवर त्याला थांबावं लागलं. २०१९ मध्ये तो पुन्हा उतरला आणि शेवटपर्यंत पोहला.

तेव्हा शिवनाथ नदी, तांदुळा आणि मरोदा जलाशय ज्या मुलखात आहेत, तिथे पाणी नाही असं म्हणता येणार नाही. परवानगी, सोबत होडी आणि जाणता प्रशिक्षक मात्र हवाच. एकटीने धरणात उतरणं साफ वर्ज्य. तिथे या मुलीला मुख्यतः भिंतीची सवय मोडायची आहे. २५ मीटरच्या तलावात १५०० मीटर पोहताना ५९ वेळा भिंतीला पाय लावून रेटा मिळतो. तळाची काळी रेघ दिशा दाखवते. जलाशयात यातलं काहीच नसतं. दर काही हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून काठावरचं झाड किंवा बुरूज हेरायचा आणि लय मोडू न देता पुन्हा श्वास घ्यायचा. हे महिनोन्‌महिने घोटावं लागतं.

दुसरी गोष्ट तापमानाची. खाडी म्हटली की सगळे थंडीला घाबरतात; छत्तीसगडच्या उन्हाळ्यात धोका उलटा आहे. २३ ऑक्टोबर २०१० रोजी संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा इथे १० किलोमीटरच्या शर्यतीत अमेरिकेचा फ्रॅन क्रिपन मरण पावला. वय अवघं २६, आणि पाणी खूपच गरम. पोहताना शरीरात तयार होणारी उष्णता गरम पाण्यात बाहेर पडू शकत नाही, आणि पाण्यात घाम वाळत नसल्याने त्याचाही उपयोग होत नाही. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांत ३१ अंश सेल्सियस ही कमाल मर्यादा आली. पाणी ४० सेंटिमीटर खोलीवर मोजतात. मे महिन्यातला उथळ तलाव ही मर्यादा सहज ओलांडू शकतो. म्हणून जुनवानीच्या या मुलीने सुरुवात हिवाळ्यात करावी, आणि होडीत एक तापमापक ठेवावा.

तापमानाची दुसरी बाजू, म्हणजे थंडी, त्सुगारूबरोबर, पुढच्या आठवड्यात.