प्रॉस्पेक्टसमध्ये न दिसणारी ओटी

सकाळी पावणेसात, ऑपरेशन थिएटर म्हणजे आमची ओटी. हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची पहिली फेरी रिकामीच चालवायची. आत फक्त बॉवी-डिक चाचणीचं पाकीट, १३४ अंश, साडेतीन मिनिटं. कागदाचा रंग सगळीकडे सारखा बदलला तर ठीक. मधोमध फिका डाग राहिला तर आत हवा अडकलीय, मग त्या मशीनमध्ये आज एकही ट्रे जाणार नाही. शिकाऊ मुलांच्या हातात कागद देऊन मी विचारते, "लावू का ट्रे?" ज्यांना कॉलेजात ऑटोक्लेव्हचं नुसतं चित्र दाखवलंय, ती माझ्या तोंडाकडे बघत राहतात.

साडेसात. टेबल, दिवे, सक्शन, भुलीचं मशीन, ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर, सगळं तपासायचं.

नऊ. पहिली केस हर्नियाची. भूल देण्याआधी पेशंटचं नाव, कुठली बाजू, ॲलर्जी. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ची यादी आमच्याकडे भिंतीवरच लावलीय. शिकाऊ मुलगा कॉटरीची प्लेट खुब्याच्या हाडावर चिकटवायला निघाला. त्याचा हात धरून मांडीवर आणला. मांसल जागा हवी, कातडी कोरडी हवी, प्लेट पूर्ण टेकलेली हवी. कडा सुटली तर परतीचा करंट उरलेल्या थोड्या जागेत एकवटतो आणि तिथली कातडी भाजते. भुलीतल्या माणसाला ओरडताही येत नाही. हे त्याला आता जन्मभर लक्षात राहील.

साडेअकरा. दुसरी केस, पोटाची. बंद करण्याआधी सिस्टर मोठ्याने मॉप, म्हणजे रक्त टिपायची कापडं, मोजतात, फळ्यावरच्या आकड्याशी जुळवतात. जुळेपर्यंत सर टाका घालत नाहीत.

दोन. डबा उघडला तोच ओळखीतले एक काका मुलीला घेऊन आले. बारावी सायन्स झालेली, बायोलॉजी आहे. हातात दोन प्रॉस्पेक्टस. एक सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटचं, वर "नोकरीची हमी". दुसरं बी.पी.एम.टी.चं, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीच्या पदवीचं, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं, ओटी टेक्निशियन शाखा.

"ताई, सहा महिन्यांत होतंय तर तीन वर्षं कशाला?" काकांचा प्रश्न रास्त होता. फीचे पैसे त्यांनाच उभे करायचेत. मी सांगितलं, २०२१चा केंद्राचा कायदा आहे, त्यात डिप्लोमालासुद्धा किमान २००० तास आणि दोन वर्षं धरलीत. सहा महिन्यांत ते बसत नाहीत. उद्या नोंदणीच्या वेळी हा कागद पुढे केलात तर पोरीची फरफट होईल.

पण मान्यता असली म्हणजे झालं, असंही नाही. मुलीला म्हटलं, "बाळा, फी भरायच्या आधी त्यांची ओटी बघायला माग. रोज किती केसेस होतात? कुठल्या वर्षापासून आत सोडतात? एका केसला शिकाऊ मुलं किती उभी करतात? आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना बाहेर गाठून विचार, मशीन स्वतःच्या हाताने लावलंय का." तिने हे सगळं प्रॉस्पेक्टसच्या मागच्या कोऱ्या पानावर उतरवून घेतलं. मला ती आवडली.

चार. हत्यारं धुवायची. आर्टरी फोर्सेप्सचे सांधे उघडून ब्रश मारायचा, कारण रक्त तिथेच वाळतं. मग तातडीचं एक सिझेरियन आलं. बाळ रडलं, आई ठीक.

साडेसहा. काकांचा फोन. हमीवाल्यांनी हॉस्पिटलचं नाव "ॲडमिशननंतर सांगू" म्हटलं. दुसरीकडे मंगळवारी ओटी दाखवणार आहेत. मी म्हटलं, पोरीला आदल्या रात्री लवकर झोपवा आणि सकाळी नाश्ता करूनच पाठवा. पहिल्यांदा रक्त बघताना रिकाम्या पोटी चक्कर येते.