बलवान शेजाऱ्याला दाराबाहेर कसे ठेवाल?

जत्रेत ढोलाशेजारी उभे राहून मित्राचे बोलणे ऐकून पाहा. बलवान प्रक्षेपकाजवळच्या रेडिओची स्थिती अशीच होते. काटा दुसऱ्या केंद्रावर असला, तरी जवळचे केंद्र मध्येच बोलू लागते. होडीवरच्या माणसाला वादळाचा इशारा ऐकायचा असेल, तर असा एक शब्द हुकणेही परवडत नाही.

असे का होते? एरिअलवर सर्वच केंद्रांच्या लहरी येतात. काट्याने होणारी निवड मात्र टप्प्याटप्प्याने होते. पहिल्याच ट्रान्झिस्टरवर एखादी लहर फार जोरात आली, तर त्याला तिचे प्रमाणशीर वर्धन जमत नाही. मग तिच्यावरचा आवाज हव्या असलेल्या केंद्राच्या लहरीवरही उमटतो. दुधात पाणी मिसळल्यावर गाळणीचा काय उपयोग? आवाज वाढवला, तर दोन्ही वाढतात! म्हणून नको असलेली लहर आत शिरण्यापूर्वीच अडवली पाहिजे.

मालवणचे उदाहरण घेऊ. मध्यम लहरींच्या भराच्या काळात पणजी केंद्र 1287 किलोहर्ट्झवर, तर मुंबई 'ब' 558 किलोहर्ट्झवर होते. मालवणहून पणजी सरळ रेषेत सुमारे 75 किलोमीटर, मुंबई सुमारे 350. मुंबई ऐकायची आणि पणजी अडवायची, तर काय करावे?

पहिला उपाय फुकटचा. ट्रान्झिस्टर रेडिओतील फेराइट कांडीचे टोक प्रक्षेपकाकडे केले, की त्या केंद्राचा जोर एकदम घटतो. पण कांडीला टोके दोन! पणजी मालवणच्या आग्नेयेस आहे. एक टोक तिकडे वळवले, की दुसरे वायव्येकडे जाते आणि मुंबईच्या दिशेपासून जेमतेम 20 अंश दूर राहते. 20 अंशांची साइन 0.34, म्हणजे मुंबईचाही जोर एकतृतीयांशच उरतो. किनाऱ्यालगतची केंद्रे जवळजवळ एका ओळीत असल्याने हा उपाय येथे अपुरा पडतो.

दुसरा उपाय लहर-सापळ्याचा. बाहेरची एरिअल असलेल्या रेडिओत, एरिअलच्या तारेत वेटोळे आणि कंडेन्सर एकमेकांना समांतर जोडून बसवतात. या जोडीच्या अनुस्पंदी कंप्रतेला तिचा विरोध सर्वांत जास्त असतो. इतर लहरी बऱ्याचशा सहज जातात. 1287 किलोहर्ट्झसाठी 100 मायक्रोहेन्रीचे वेटोळे घेतले, तर कंडेन्सर सुमारे 153 पिकोफॅरडचा हवा. सूत्र वापरून तुम्हीच पडताळा. प्रत्यक्षात बदलता कंडेन्सर घेऊन, नको असलेले केंद्र सर्वांत क्षीण होईपर्यंत तो फिरवावा.

करून पाहा: तुमच्या गावी मध्यम लहरींवर लागणारे केंद्र लावून ट्रान्झिस्टर आडव्या पातळीत हळूहळू फिरवा. आवाज सर्वांत कमी होईल तेव्हा कांडीच्या रेषेची दिशा होकायंत्राने मोजा आणि नकाशावर ती रेषा काढा. प्रक्षेपक त्या रेषेच्या आसपास सापडतो का? बाहेरच्या एरिअलचा प्रयोग मात्र विजा चमकत असताना मुळीच करू नका.