दोन नद्यांमधला लोहगड

पिंपरीतल्या संत तुकाराम नगरहून पावसाळ्यात सकाळी निघून संध्याकाळी परतता येते अशा गडांत लोहगड बहुधा सर्वांत सोयीचा. कासारवाडी किंवा पिंपरी स्थानकावर लोणावळा लोकल पकडायची आणि लोणावळ्याच्या अलीकडे मळवलीला उतरायचे. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर घाटमाथ्यावरच्या लोणावळ्यात चार हजारांच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून वर चढतात, थंडावतात आणि बराचसा भार तिथेच उतरवतात. त्यामुळे पिंपरीत नुसती भुरभुर असली, तरी कामशेतच्या पुढे डबा दोन्ही दारांनी भिजू लागतो.

मळवलीहून द्रुतगती मार्ग ओलांडला की भाजे गाव लागते. इथली बौद्ध लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. पुढे चढ लागतो तो गायमुख खिंडीपर्यंत. तिथे डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. थोड्याच अंतरावर लोहगडवाडीत गरम पिठलं-भाकरी आणि कांदाभजी मिळतात. ती चढण्याआधी खावीत की उतरल्यावर, यावर प्रत्येक कंपूत वाद होतोच.

वाडीपासून पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे नागमोडी वाटेवर एकामागून एक येतात. शत्रूला एका दमात वर धावता येऊ नये आणि बुरुजांवरून त्याच्यावर मारा करता यावा, म्हणून ही रचना. ती आजही काम करते. जुलै २०२३ मध्ये एका रविवारी याच वाटेवर पर्यटक काही तास अडकून पडले होते. जाणकार म्हणूनच शनिवार-रविवार टाळतात. पुरंदरच्या तहात १६६५ साली मोगलांना दिलेला हा गड शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये परत घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे.

माथ्यावर लक्ष्मी कोठी, सोळा कोनी तळे आणि पश्चिमेला लांबवर गेलेली विंचूकाटा माची. पावसाळ्यात माचीवर धुके आणि वारा एकदम येतात, कातळावर शेवाळ असते. छत्री इथे निरुपयोगी. रेनकोट आणि पकड असलेले बूट हवेत. पुढे एक आणि सर्वांत मागे एक माहीतगार ठेवणे हा जुन्या ट्रेकरांचा शिरस्ता.

धुके फाटले की दक्षिणेला पवना धरणाचा जलाशय दिसतो. लोहगड-विसापूरची रांग ही दोन खोऱ्यांमधली पाणलोट रेषा आहे. दक्षिण उतारावरचे पाणी पवनेकडे जाते. धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतला उचलून, निगडीत शुद्ध करून पिंपरी-चिंचवडच्या नळांना येते. उत्तर उतारावरचे पाणी इंद्रायणीला मिळून तुकोबांच्या देहूवरून आळंदीकडे वाहते. संत तुकाराम नगराला पाणी एका उताराचे आणि नाव दुसऱ्या उताराखालच्या नदीकाठचे, असा हा योग. पुढे इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिसळते. पवना मुळा आणि मुळा-मुठेमार्गे भीमेलाच मिळते.

अतिवृष्टीच्या दिवसांत जिल्हा प्रशासन मावळातल्या पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश काढते. ते निघण्याआधी पाहावे लागतात. दुपारी लोकलच्या फेऱ्या विरळ असतात, म्हणून उतरण्याची वेळ गाडी पाहूनच ठरते.