मांडव आपला, शिधाही आपला
महात्मा फुल्यांनी 1885 मध्ये ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारले. ते पत्र छापले ख्रिस्ती ‘ज्ञानोदया’ने! याच मूठभर ख्रिस्ती समाजाने पुढे स्वतःची मराठी साहित्य संमेलने भरवली; 1933 साली नागपूरला लक्ष्मीबाई टिळक अध्यक्ष होत्या. आमच्या खानदेशात, अमळनेरला, फेब्रुवारी 2024 मध्ये दोन मांडव पडले. एकाला सरकारचे दोन कोटी, दुसऱ्या विद्रोहीची परंपरा मूठभर धान्य आणि एक रुपयाची. भाषणे काय, कोणीही ठोकतो. पाहुण्यांचा मुक्काम, पंगत, सतरंज्या कोणाच्या पैशाने, यावर व्यासपीठावरची जीभ मोकळी की बांधलेली ते ठरते. धुळे-जळगावच्या बांधवांनो, पुढच्या संमेलनाची पावतीपुस्तके आजच छापा. पाहुणे विहारात उतरतील, भाकरी वस्तीतून येईल. हिशेब मात्र पै-पैचा फळ्यावर लावा. वकील म्हणून आमचा एवढाच हट्ट.