जमनालाल बजाज : उद्योगप्रमुख आणि विश्वस्त

प्रस्तावना :
धनिकाने आपल्या संपत्तीचा मालक न राहता समाजाच्या वतीने तिचा विश्वस्त व्हावे, हा महात्मा गांधींच्या अर्थविचारातील एक मूलभूत सिद्धांत होय. हा सिद्धांत व्यवहारात कितपत उतरू शकतो, याचे उत्तर शोधताना वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज (१८८९-१९४२) यांच्या कारकिर्दीचा विचार अपरिहार्य ठरतो.

उद्योगाची उभारणी :
सीकर संस्थानातील काशी का बास या गावी जन्मलेले जमनालाल वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांच्या घराण्यात दत्तक आले. एका कौटुंबिक वादानंतर त्यांनी घराण्याच्या संपत्तीवरील हक्क लेखी सोडून दिला होता. मात्र १९०७ मध्ये बच्छराज यांच्या निधनानंतर पेढीची जबाबदारी त्यांच्यावरच आली. कापसाच्या व्यापारातून त्यांनी पेढीचा विस्तार केला. १९२६ हे बजाज उद्योगसमूहाच्या स्थापनेचे वर्ष मानले जाते. १९३१ मध्ये संयुक्त प्रांतातील गोला गोकर्णनाथ येथे साखर कारखाना सुरू झाला.

विश्वस्तवृत्तीचा आविष्कार :
असहकाराच्या काळात जमनालालजींनी ‘रायबहादूर’ ही पदवी परत केली. अनेक वर्षे काँग्रेसचे कोषाध्यक्षपद त्यांच्याकडे होते. १९२८ मध्ये वर्ध्यातील आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्यांसाठी खुले केले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघासाठी त्यांनी वर्ध्यातील आपली बाग दिली. तीच पुढे मगनवाडी म्हणून ओळखली गेली. १९३६ मध्ये गांधीजी शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास आले, त्यामागेही जमनालालजींचा आधार होता.

एक अंतर्विरोध :
तथापि, या कारकिर्दीतील एक ताण दुर्लक्षिता येत नाही. मगनवाडीत गूळ, घाणीचे तेल व हातसडीचा तांदूळ यांचा पुरस्कार होत असताना पेढीचा यांत्रिक साखर कारखाना चालू होता. म्हणजेच संपत्तीच्या विनियोगात विश्वस्तवृत्ती जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती उत्पादनाच्या पद्धतीत दिसत नाही. हा दोष एका व्यक्तीचा नसून सिद्धांतातीलच एक अनुत्तरित प्रश्न आहे : विश्वस्ताने संपत्ती कशी खर्च करावी एवढेच पाहावयाचे, की ती कशी मिळवावी हेही?

समारोप :
कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार विशिष्ट आर्थिक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. कायद्याने दायित्वाचे प्रमाण ठरविले. पण उर्वरित ९८ टक्क्यांविषयी व नफा मिळविण्याच्या मार्गाविषयी हे कलम मौन पाळते. विश्वस्त संकल्पनेचा रोख मात्र संपूर्ण संपत्तीवर होता. जमनालालजींच्या बाबतीत ती विवेकावर आधारलेली असल्याने व्यापक होती आणि त्याच कारणाने व्यक्तिनिष्ठही होती. वाणिज्य व व्यवस्थापनाच्या अध्यापनात त्यांच्या कारकिर्दीकडे केवळ दानशूरतेची कथा म्हणून न पाहता या मर्यादांसह पाहिले, तर ती अधिक उद्बोधक ठरेल.