यमक जुळवा, ठेका सोडू नका

संहिता पाठ करून रंगमंचावर जाणाऱ्या नटाला शब्द आठवायचे असतात. संहितेवाचून जाणाऱ्या नटाला ते तिथल्या तिथे सुचावे लागतात. आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. दशावतारातला नट कथानक ठरवून येतो आणि संवाद आयत्या वेळी बोलतो. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या समोरच्याचे वाक्य पकडून आपले वाक्य बेततो. आज अंधेरी-बोरिवलीकडची, घाटकोपर-मुलुंडकडची तरुण मंडळी हेच ‘इम्प्रॉव्ह’ या नावाने करतात. प्रेक्षकांकडून एखादा शब्द मागून घ्यायचा आणि त्यावर प्रसंग उभा करायचा.

असे गट प्रयोगाआधी दहा-पंधरा मिनिटे यमकाचे आणि तालाचे खेळ खेळतात. गवई सूर लावून घेतो, पहिलवान जोर-बैठका काढतो, तसाच हा प्रकार. पाहणाऱ्याला तो पोरखेळ वाटेल; पण त्यामागे चांगला विचार आहे.

सगळ्यात सोपा खेळ असा. सगळ्यांनी गोल उभे राहायचे आणि चार मात्रांचा ठेका धरायचा. दोनदा मांडीवर थाप, मग टाळी, मग चुटकी. चुटकीवर एकाने शब्द टाकायचा, ‘गाडी’. पुढच्या चुटकीला शेजाऱ्याने म्हणायचे, ‘साडी’. मग ‘वाडी’, ‘काडी’, ‘झाडी’. मिनिटाला साठ मात्रांची लय ठेवली, तर प्रत्येकाला चार सेकंद मिळतात. लय नव्वदवर नेली की तीनही उरत नाहीत. नेमका इथेच खेळाचा उपयोग होतो. शब्द चांगला की वाईट, लोक हसतील का, याचा हिशेब मांडायला मनाला सवडच राहत नाही. तोंड उघडते आणि शब्द बाहेर पडतो. शेजारी काय म्हणाला ते ऐकले नसेल, तर मात्र काहीच सुचत नाही. म्हणून या खेळात जिभेपेक्षा कानाचा व्यायाम अधिक होतो.

पुढची पायरी दोन ओळींची. इथे मराठीत एक सापळा आहे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे ‘आली’, ‘गेली’, ‘झाली’ अशी यमके फुकटात मिळतात आणि तितकीच फुकट वाटतात. ‘गाडी आली, मंडळी गेली’ यात ऐकणाऱ्याला गंमत नाही. ‘फाटक ओलांडून निघाली गाडी, मागे राहिली आमची वाडी’ म्हटले की चित्र उभे राहते. शेवटी क्रियापद ठेवायचे नाही, एवढा एकच नियम घातला तरी खेळ पालटतो.

यावरची युक्ती आपल्या घरातच आहे. उखाणा घेणारीला दुसऱ्या ओळीत नाव घ्यायचे हे आधीच ठाऊक असते; ती त्या ओळीच्या शेवटाला जुळणारा शब्द शोधते आणि पहिली ओळ तिथवर आणून सोडते. यमक शेवटाकडून सुरुवातीकडे बांधायचे असते. तालमीत जोडीदाराने शेवटचा शब्द द्यावा, दुसऱ्याने त्याच्या आधीची ओळ रचावी.

तिसरा खेळ गझलेच्या वाटेने जातो. गझलेत शेराच्या शेवटी तेच शब्द पुन्हा येतात, तो रदीफ. आणि त्याच्या अगदी आधी यमक येते, तो काफिया. ‘पाऊस आहे’ हा रदीफ घ्या. एकजण म्हणतो, ‘दारात’, आणि सगळे मिळून, ‘पाऊस आहे’. दुसरा, ‘बाजारात’, तिसरा, ‘विचारात’, चौथा हळूच म्हणतो, ‘पगारात’. मुशायऱ्यात श्रोते काफिया ऐकताच रदीफ कवीबरोबर म्हणतात, तोच आनंद इथे मिळतो. शब्द एकट्याचा असला तरी ओळ साऱ्यांची होते. बुजऱ्या माणसाला हा खेळ फार मानवतो.

आता मुद्द्याची गोष्ट. उपनगरांतल्या गटात एकाच्या घरी गुजराती, दुसरीच्या घरी हिंदी-उर्दू, तिसऱ्याच्या घरी मालवणी. ‘पाणी’ला कुणी ‘नानी’ जुळवले की एखादा जाणकार लगेच ‘ण’ आणि ‘न’ यांतला फरक सांगतो. त्याचे म्हणणे बरोबरच आहे. पण त्यामुळे त्या मुलीने पुढच्या फेरीत तोंडच उघडले नाही, तर खेळाने मिळवले काय? कवितेत मी ते यमक घेणार नाही. खेळात जरूर घेईन. खेळात कान प्रमाण, कागदावर अक्षर प्रमाण.

या नाट्यखेळांचे मूळ पाहिले तरी हेच दिसते. अमेरिकेतल्या शिकागो शहरात व्हायोला स्पोलिन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्थलांतरितांच्या वस्त्यांतल्या मुलांबरोबर काम करताना असे खेळ रचायला सुरुवात केली. मुले वेगवेगळ्या भाषांच्या घरांतून आलेली. व्याख्यानाने जे साधत नव्हते ते खेळाने साधले. त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स हे १९५९ मध्ये तिथे निघालेल्या ‘सेकंड सिटी’ या प्रसिद्ध नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक. स्पोलिन यांचे पुस्तक १९६३ मध्ये आले आणि हे खेळ जगभर गेले. भाषा शुद्ध करणे हा त्यांचा हेतू नव्हता, मुलांना बोलते करणे हा होता.

म्हणून खेळ घेणाऱ्याने एक पथ्य पाळावे. चुकला त्याला बाहेर बसवू नये. कारण ज्याला सरावाची खरी गरज, तोच मग भिंतीला टेकून बसतो. आपल्या भेंड्यांत अडले की भेंडी गटावर चढते, एकट्यावर नाही, आणि खेळ पुढे चालू राहतो. तसेच इथे करावे. कुणी अडला की सगळ्यांनी हसत ‘भेंडी!’ म्हणावे आणि त्याच ठेक्यावर पुढच्याला शब्द द्यावा. रंगमंचावरही एखादा शब्द चुकणारच. तेव्हा न थांबता पुढे जाण्याची सवय ज्याला इथे लागली, त्याला तिथे भीती वाटत नाही.