न शिकवता शिकलेले धडे

मुलाचा किंवा मुलीचा एमबीबीएसला नंबर लागला की घरात मिठाई वाटली जाते. मग फी, हॉस्टेल, पुस्तकं यांची चर्चा सुरू होते. पण आपलं मूल रुग्णाशी वागायला कोणाकडून शिकणार, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

रुग्णाची संमती घ्यावी, त्याचं गुपित राखावं, हे परीक्षेत लिहिणं सोपं असतं. खरा धडा वॉर्डात मिळतो. सकाळच्या राउंडला मोठ्या डॉक्टरांच्या मागे विद्यार्थ्यांचा घोळका असतो. एक डॉक्टर तपासण्याआधी पडदा ओढतात आणि विचारतात, "खाला, ही मुलं शिकाऊ आहेत. त्यांनी पाहिलं तर चालेल ना?" दुसरे "सात नंबरची किडनी" एवढंच म्हणून पुढे सरकतात. नीतीवर दोघंही एक शब्द बोललेले नसतात, तरी दोन्हीकडून विद्यार्थी शिकतात.

फ्रेडरिक हॅफर्टी आणि रोनाल्ड फ्रँक्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९९४ साली एका लेखात यालाच 'छुपा अभ्यासक्रम' म्हटलं. तो किती खोल रुजतो, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीतून दिसलं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया परिसरातील ५ वैद्यकीय महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं : भूल दिलेल्या स्त्रीची आतून तपासणी शिकण्यासाठी करायची, तर तिची परवानगी आधी घेणं किती महत्त्वाचं? स्त्रीरोग विभागात काम करून आलेल्यांना ती परवानगी इतरांपेक्षा कमी महत्त्वाची वाटत होती!

ही मुलं वाईट नव्हती. पण विद्यार्थी सर्वांत खालच्या पायरीवर असतो. मार्क वरिष्ठांच्या हाती, वेळ कमी, आणि "सगळे असंच करतात" हे उत्तर तयार. पहिल्यांदा मन खटकतं, दहाव्यांदा खटकत नाही. अखेर एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी सरकारला रुग्णालयांना बजावावं लागलं की, अशा तपासणीआधी रुग्णाची लेखी संमती घ्या.

आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे धडे पहिल्या वर्षापासून आहेत. विच्छेदनासाठी मिळालेला मृतदेह हा आपला पहिला शिक्षक, हा त्यातलाच एक पाठ. मय्यतीचा अदब जाणणाऱ्या घरातल्या मुलांना तो समजावून सांगावा लागत नाही. पण तासाला शिकलेलं वॉर्डात टिकायचं, तर मोठ्यांच्या वागण्यात ते दिसायला हवं.

घरच्यांनाही इथे काम आहे. सुट्टीत आलेल्या मुलीला "किती मार्क पडले?" याबरोबर हेही विचारा : "आज कोणाला तपासलंस? त्यांना विचारलं होतंस का? काही पाहून वाईट वाटलं का?" मन खटकल्याचं सांगायला घरात जागा असेल, तर ते खटकणं लवकर बोथट होत नाही.

आणि आपण स्वतः रुग्ण असू तेव्हा "मला कोण तपासणार?" हे विचारायला संकोचू नये. हो म्हणणं किंवा नाही म्हणणं, दोन्ही आपल्या हातात आहे. आपल्या आजारपणातून कोणाला शिकू देणं ही नेकीच आहे, फक्त ती आपल्याला विचारून घेतलेली असावी. विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हसून "हो बेटा" म्हटलं, तर तोही त्याच्यासाठी एक धडाच ठरेल.